नमुन्याचा पुठ्ठा

ल्यूडेनशाईडमध्ये घरटी एकाच्या तरी बोटांना
पितळेचा वास असायचा.
आईच्या बोटांना होता. चौदाव्या वर्षी माझ्याही आला,
पॅकिंगच्या टेबलाशी.
बारा डझनांचा एक ग्रोस, ग्रोसची एक पेटी,
पेटीवर चिठ्ठी.

युद्ध हरलो तेव्हा कोठारात
सोळा पेट्या मुकुटाची बटणं पडून होती.
कैसर पळाला.
बटणांना कुठे पळता येतं?
मुकादम क्रांपे म्हणाला, वितळवा.

तेवीस साली पगार दिवसातून दोनदा व्हायचा.
भोंगा वाजला की आम्ही बाया पिशव्या घेऊन धावायचो,
आणि टेकडी चढून बेकरी गाठेपर्यंत
पाव महाग झालेला असायचा.
बाबांच्या अठ्ठावीस वर्षांच्या बचतीत
एक बटण आलं, शिंपल्याचं.
मी ते त्यांच्या सदऱ्याला लावून दिलं.
त्याच सदऱ्यात त्यांना पुरलं.

मग नवा मार्क आला.
सकाळी पाटीवर होता तोच भाव
संध्याकाळीही होता.
आम्ही पाटीसमोर उभ्या राहिलो,
विकत काहीच घ्यायचं नव्हतं तरी.

त्यानंतरची पाच वर्षं मला रंगांनी आठवतात.
दुधाच्या चोथ्यापासून बटणं व्हायला लागली होती,
लाल, केशरी, पोपटी,
शहरातल्या बायकांच्या कोटांसाठी.
मी केस कानापर्यंत कापले,
आईने आठवडाभर अबोला धरला,
आणि मतदानाच्या रांगेत मात्र
माझ्याच दंडाला धरून उभी राहिली.
फिरता विक्रेता योनास ब्लुमेनरोट
ॲमस्टरडॅमला नमुने न्यायचा.
पुठ्ठ्यावर बटणं मी शिवायची.
एकदा त्याने विचारलं, फ्रॉइलाइन ओटिलिए,
केशरीशेजारी कुठलं ठेवू?
तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, राखाडी.
ते खपलं.

तीस साली क्रांपेने यंत्रांवर चादरी टाकल्या.
अमेरिकेने उसने दिलेले परत मागितले, म्हणाला.
एवाल्ड घरात मोजे घालून बसायचा,
बूट रोजगार कचेरीच्या रांगेपुरते राखून ठेवलेले.
कोपऱ्यावर रोज नवा झेंडा.
एवाल्ड म्हणायचा, निदान हे ओरडतात तरी.

आमचं लग्न सरकारी कर्जावर झालं.
अट एकच, बाईने नोकरी सोडायची.
सोडली.
चिमण्या पुन्हा धुरकट झाल्या, एवाल्डला रात्रपाळी मिळाली,
रविवारी रश्श्यात मांस आलं.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
कोटावरचं एकेक बटण काजात बसावं
तसं सगळं बसत गेलं,
आणि गळ्याशी कधी आवळलं ते कळलं नाही.

एका संध्याकाळी दार वाजलं.
ब्लुमेनरोट. हॅट हातात, पावलं पायरीच्या खाली.
कारखान्यातलं त्याचं टेबल कधीच रिकामं झालं होतं,
सगळ्यांना माहीत होतं,
कुणी विचारलं नव्हतं.
त्याने सत्तावीस सालचा पुठ्ठा पुढे केला.
हा तुमचाच, म्हणाला,
मला आता सामान कमी करायचंय.
मी दार होतं तेवढंच उघडं ठेवलं.
आतून एवाल्डने विचारलं, कोण आहे?
मी म्हटलं,
कुणी नाही.

तो हे ऐकूनही हॅट किंचित वाकवून गेला.

पुढच्या वर्षी मला चिठ्ठी आली:
हात कमी पडतात, कामावर या.
टेबल तेच, पेट्या त्याच,
बारा डझनांचा एक ग्रोस.
बटणं राखाडी, बारीक दाणेदार, सगळी एकसारखी.
कोण घालणार, ते पेटीवर लिहिलेलं नसतं.
ॲल्युमिनियमला वास येत नाही.
घरी जाऊन मी हात धुते तरीही,
मग चादरींच्या कपाटात हात घालून चाचपते
तिसरी ओळ, केशरी,
शेजारी राखाडी.
दोरा अजून पक्का आहे.